रोगांचीं नांवें आणि रुग्णांच्या नोंदी

माणूस एका गांवाहून दुसऱ्या गांवीं गेला कीं त्याचें दुखणें त्याच्याबरोबर जातें. परंतु त्या दुखण्याचा वृत्तांत त्याच्याबरोबर जातोच, असें नाहीं. घरच्या वैद्याला तीन तीन पिढ्यांच्या प्रकृति तोंडपाठ असत, तोंवर ही उणीव फारशी भासत नसे. आज तो वृत्तांत संगणकांत सांठविला जातो, आणि एका रुग्णालयाच्या संगणकांतून तो दुसऱ्या रुग्णालयाच्या संगणकांत क्षणार्धांत पोंचविणारीं साधनेंहि आपल्यापाशीं आहेत. असें असतां एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणीं वाचतां येऊं नये, किंवा वाचतां येऊनहि तिच्यावर विसंबतां येऊं नये, हें पुष्कळांस चमत्कारिक वाटतें. आणि तारा, यंत्रें व त्यांचे निरनिराळे कारखानदार यांच्यावर दोष ठेवून आपण मोकळे होतों. तो दोष सर्वस्वीं खोटा नाहीं. तथापि इतिहास पाहिला तर असें दिसतें कीं, या अडचणीचें मूळ तारेंत नसून शब्दांत आहे, आणि संगणकाचा जन्म होण्यापूर्वीं कित्येक पिढ्या ती शहाण्या माणसांना छळीत आलेली आहे.

लंडन शहरांत सतराव्या शतकांत दर आठवड्यास मृतांच्या याद्या छापून विकल्या जात. प्लेगची साथ वाढत आहे कीं उतरत आहे, हें त्यांवरून कळे, आणि ज्यांना शहर सोडून जाणें परवडत असे ते त्याप्रमाणें आपला बेत ठरवीत. १६६२ सालीं जॉन ग्रांट नांवाच्या एका व्यापाऱ्यानें अशा अनेक वर्षांच्या याद्या जमवून त्यांवर एक लहानसें पुस्तक लिहिलें; लोकसंख्येच्या शास्त्राचा आरंभ पुष्कळ विद्वान् तेथूनच धरतात. या याद्यांसाठीं मरणाचें कारण कोण सांगे? डॉक्टर नव्हे, प्रत्येक पॅरिशमध्यें या कामीं नेमलेल्या म्हाताऱ्या बायका. त्या प्रेत पाहत, घरच्या माणसांना चार प्रश्न विचारीत आणि कारण सांगून मोकळ्या होत. 'दांत', 'वार्धक्य', 'एकाएकीं' हीं त्या यादींतलीं कारणें. 'दांत' म्हणजे दांत येण्याच्या वयांत दगावलेलें मूल! ग्रांटच्या सूक्ष्म नजरेला असें आढळलें कीं, शहरांत उपदंशाचा सुळसुळाट असतां त्या रोगानें मेलेल्यांचा आंकडा मात्र अगदींच थोडा आहे. त्याचा तर्क असा कीं, म्हातारीला नेहमींच्या दुप्पट पैसे आणि वर एक पेला दारू मिळाली, म्हणजे असा मृत्यु यादींत क्षयाच्या किंवा व्रणांच्या नांवाखालीं जाई. यादीची बेरीज बरोबर होती. खोटें होतें तें नांव.

यानंतर पावणेदोनशें वर्षांनीं, १८३७ च्या जुलैपासून, इंग्लंड व वेल्स या प्रांतीं जन्म, विवाह व मृत्यु यांची सरकारी नोंद सुरू झाली. त्या खात्याचा पहिला वार्षिक अहवाल १८३९ सालीं निघाला. त्याला जोडलेल्या पत्रांत विल्यम फार या डॉक्टरानें जी तक्रार केली आहे, ती आजच्या कोणत्याहि रुग्णालयाच्या संगणक-विभागांत वाचून दाखविली तरी कालची वाटेल. एकाच रोगाला तीन तीन चार चार नांवें, आणि एकच नांव तितक्याच निरनिराळ्या रोगांना. कित्येक नांवें अस्पष्ट, तर कित्येक ठिकाणीं मूळ रोग सोडून त्यांतून उद्भवलेला उपद्रवच लिहिलेला. फारचें म्हणणें असें कीं, पदार्थविज्ञानांत वजनामापांचें जें महत्त्व, तेंच या विद्येंत नांवांचें आहे. आपल्या इकडे गांवोगांवचा शेर निराळा असे, त्या काळच्या व्यापाऱ्याला या म्हणण्याचें मर्म कोणी समजावून देण्याची गरज पडली नसती. एका बाजाराचा शेर दुसऱ्या बाजारांत तसाच धरला तर बुडणें ठरलेलें. फारनें मग रोगांची एक यादी रचली, आणि पुढें डॉक्टरांकडे मृत्युदाखल्याचे छापील कोरे नमुने धाडण्यांत आले.

या खटाटोपाचें फळ कसें मिळालें, हें विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पटकीची साथ दूषित हवेनें पसरते आणि सखल जागीं तिचा जोर अधिक असतो, असें फारचें मत होतें. तें चुकीचें होतें. जॉन स्नो या दुसऱ्या डॉक्टराचें मत असें कीं, पटकी पाण्यांतून पसरते. १८५४ सालीं दक्षिण लंडनांत एकाच रस्त्यावरील शेजारशेजारच्या घरांना दोन निरनिराळ्या कंपन्या पाणी पुरवीत असत. त्यांपैकीं लॅम्बेथ कंपनी १८५२ पासून नदीच्या वरच्या अंगाचें, शहरांतील घाण मिसळण्यापूर्वींचें पाणी घेऊं लागली होती. साउथवर्क आणि वॉक्सहॉल ही दुसरी कंपनी पूर्वींप्रमाणेंच शहरांतून वाहणारें घाण पाणी उपसत होती. फारच्या खात्यानें मृतांचे पत्ते स्नोला दिले, आणि पुढें फारनें आपल्या नोंदणी-कामगारांस घरोघरचें पाणी कोणाचें आहे, तेंहि टिपावयास सांगितलें. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दुसऱ्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागें ३१५ मृत्यु, तर लॅम्बेथच्या दर १०,००० घरांमागें ३७, असा स्नोचा हिशेब निघाला. नोंद ठेवणाराचें मत एक आणि त्या नोंदीनें सिद्ध झालें तें त्याच्या विरुद्ध! १८६६ च्या साथीनंतर फारनेंहि पाण्याचें कारण मान्य केलें. ज्या नोंदींतील शब्दांचा अर्थ ठरलेला असतो, ती नोंद ठेवणाराच्या मतभेदाची पर्वा न करतां तिऱ्हाइताच्याहि उपयोगी पडते, याहून चांगलें उदाहरण मला माहीत नाहीं.

फारची स्नेहीण फ्लॉरेन्स नाइटिंगेल ही परिचारिका म्हणून सर्वांना ठाऊक आहे. तिचें आंकडेशास्त्रांतील काम तितकें ठाऊक नाहीं. १८६० सालीं लंडनांत भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढें तिनें रुग्णालयांसाठीं एकसारखे तक्ते मांडले: किती रोगी आले, किती बरे झाले, किती दगावले, कोणत्या रोगानें, कोणत्या वयाचे, आणि प्रत्येकानें खाट किती दिवस अडविली. परिषदेनें ते मान्य केले, लंडनच्या कांहीं मोठ्या रुग्णालयांनीं ते भरूनहि पाहिले. परंतु हा प्रयोग फार काळ टिकला नाहीं. तक्ते भरण्याचे कष्ट आज आणि आपल्या माथीं, फायदा मात्र उद्यां आणि दुसऱ्याचा, असें जेथें असतें तेथें उत्तम योजनाहि कोमेजते. ही गोष्ट पुढच्या सर्व सुधारकांना वारंवार नव्यानें शिकावी लागली.

मध्यंतरीं देशादेशांतील याद्यांचा मेळ घालण्याचे प्रयत्न चालूच होते. १८५३ सालीं ब्रसेल्स येथील परिषदेनें फार आणि जिनीव्हाचा डॉक्टर मार्क देस्पीन या दोघांकडे सर्व राष्ट्रांना चालेल अशी यादी करण्याचें काम सोंपविलें. दोन वर्षांनीं पॅरिस येथें दोघेहि हजर झाले, ते दोन वेगळ्या याद्या घेऊन. एकानें रोग प्रामुख्यानें शरीरांतील स्थानावरून लावले होते, तर दुसऱ्यानें त्यांच्या स्वभावावरून. दोन्ही पद्धति तर्कशुद्ध होत्या, म्हणूनच त्यांचें जुळेना. शेवटीं परिषदेनें १३९ नांवांची एक तडजोडीची यादी मंजूर केली. ती सर्वत्र मान्य अशी कधींच झाली नाहीं. कोंडी फुटली ती १८९३ सालीं शिकागो येथें, पॅरिस शहराच्या आंकडे-खात्याचा प्रमुख झाक बर्तियों यानें आपली यादी मांडली तेव्हां. तिच्यांत १६१ नांवें होतीं. ज्यांना तीं पेलणार नाहींत त्यांच्यासाठीं ९९ नांवांची, आणि त्याहून लहान ४४ नांवांची यादीहि तींतच होती. तत्त्वाचा आग्रह सोडून, ज्याला जेवढें झेपेल तेवढें त्यानें घ्यावें, असा हा व्यवहारी तोडगा होता. दर दहा वर्षांनीं यादी सुधारावी, ही सूचना १८९८ सालीं ओटावा येथें पुढें आली आणि १९०० सालीं पॅरिस येथें पहिली सुधारणा झाली. १९४८ सालीं नव्यानें स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेनें सहावी सुधारणा हातीं घेतली, आणि मृत्यूच्या कारणांबरोबर जिवंत माणसांच्या रोगांनाहि त्या यादींत स्थान मिळालें. तिची अकरावी आवृत्ति १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आली आहे.

परंतु मृतांची यादी आणि रुग्णाची नोंद यांत मोठें अंतर आहे. मेलेल्या माणसाविषयीं एक ओळ पुरते. जिवंत माणसाची कथा चालू असते. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत रुग्णालयांत प्रत्येक डॉक्टराची वही वेगळी असे, आणि एकाच रोग्याची हकीकत तीन वह्यांत विखुरलेली असे. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें हेन्री प्लमर यानें १९०७ सालीं ही रीत मोडली: एक रोगी, एक क्रमांक आणि एकच बासन, कोणत्याहि डॉक्टराकडे तो गेला तरी तेंच बासन त्याच्याबरोबर जावयाचें. आपल्या सरकारी दवाखान्यांतील केसपेपर हा याच कल्पनेचा धाकटा भाऊ. एका छताखालीं मेळ बसला. दोन छतांमधील मेळ राहिला.

त्यानंतर संगणक आला. अमेरिकेंतील इंडियानापोलिस शहरीं रीगनस्ट्रीफ संस्थेंत क्लेमेंट मॅक्डोनल्ड या डॉक्टरानें १९७२ पासून रुग्णांच्या नोंदी संगणकावर ठेवण्यास आरंभ केला, आणि १९७६ सालीं एक मार्मिक गोष्ट दाखविली. डॉक्टराच्या हातून ज्या चुका राहून जातात, त्या बऱ्याच अंशीं अज्ञानामुळें नसून एकाच वेळीं शंभर गोष्टी ध्यानांत ठेवाव्या लागतात म्हणून. संगणकानें वेळींच आठवण दिली तर त्या टळतात. पण संगणकानें आठवण द्यावयाची तर नोंदीचा अर्थ त्याला कळला पाहिजे. आणि मनुष्य संदर्भावरून जी उणीव भरून काढतो, ती यंत्राला भरून काढतां येत नाहीं.

दोनचार उदाहरणें घेऊं. पुण्यांतील आईच्या रक्तांतील साखर १०० असल्याचा अहवाल इंग्लंडांतील मुलानें तेथील डॉक्टरास दाखविला, तर तो डॉक्टर क्षणभर थबकेल. त्याच्या देशीं हाच आंकडा ५·६ असा लिहितात. आपल्याकडे साखर वजनानें मोजतात, तेथें रेणूंच्या संख्येनें. एकास अठरांनीं गुणलें कीं दुसरा मिळतो. डॉक्टर हें जाणतो, पण मापाचें नांव सोबत नसेल तर संगणकाला १०० आणि ५·६ हे केवळ दोन आंकडे आहेत. '०३/०४' हा दिवस आपल्या मतें ३ एप्रिल, अमेरिकेंत ४ मार्च. केसपेपरवर 'मधुमेह' असा शब्द आहे, पण तो रोग्याचा कीं त्याच्या वडिलांचा? 'क्षय' लिहिलें आहे, तें ठरलेलें निदान कीं नुसता संशय? आणि सर्वांत धोक्याचा तो रिकामा रकाना. पेनिसिलिन सोसत नाहीं काय, या प्रश्नापुढें कांहींच लिहिलेलें नाहीं, याचा अर्थ तें सोसतें असा, कीं कोणीं विचारलेंच नाहीं असा? या एका फरकानें माणूस दगावूं शकतो.

१९८७ सालीं अमेरिकेंतील कांहीं रुग्णालयें व कारखानदार यांनीं मिळून संदेशांचा एक सामाईक नमुना ठरविण्यासाठीं 'एचएल-सेव्हन' ही संस्था काढली. संगणकांमधील दळणवळणाचे सात मजले कल्पिलेले आहेत. तळाशीं तारा आणि सर्वांत वर प्रत्यक्ष कामकाज. त्या सातव्या मजल्यावरून हें नांव पडलें. तिचा दुसऱ्या आवृत्तीचा नमुना अगदीं साधा: एका ओळींत उभ्या रेघांनीं पाडलेले रकाने. तो झपाट्यानें पसरला, कारण त्यांत प्रत्येकाला आपल्या सोयीची मोकळीक होती. आणि त्या मोकळिकीमुळेंच दोन रुग्णालयांचे नमुने सारखे म्हणून सारखे क्वचितच निघत. पाकीट एकाच आकाराचें झालें, आंतल्या पत्राची भाषा ज्याची त्याची राहिली. अर्थ म्हणून जो कांहीं आहे तो जणूं आठव्या मजल्यावर राहत होता.

त्या मजल्याचें बांधकाम दोन ठिकाणीं चाललें. मॅक्डोनल्डच्या संस्थेनें १९९४ सालीं प्रयोगशाळेंतील तपासण्यांना सामाईक नांवें देण्याचें काम आरंभिलें; त्यास 'लॉइंक' म्हणतात. त्याची युक्ति अशी कीं, तपासणीला केवळ नांव न देतां सहा प्रश्नांचीं उत्तरें द्यावयाचीं: काय मोजलें, त्याचा कोणता गुण मोजला, केव्हांचें किंवा किती वेळाचें, कशांतून, कोणत्या प्रकारच्या मापानें आणि कोणत्या रीतीनें. रक्तद्रवांतील साखर वजनानें मोजली तर तिचा क्रमांक २३४५-७, रेणूंनीं मोजली तर १४७४९-६. पुण्याचा शेर आणि लंडनचा शेर यांना अखेर वेगवेगळीं नांवें मिळालीं. दुसरें बांधकाम रोग, लक्षणें व उपचार यांच्या नांवांचें. अमेरिकेंतील विकृतिशास्त्रज्ञांनीं १९६५ पासून वाढवीत आणलेला शब्दसंग्रह आणि इंग्लंडांत जेम्स रीड या डॉक्टराच्या नांवानें चालत आलेला शब्दसंग्रह यांचा २००२ सालीं संगम होऊन 'स्नोमेड सीटी' हा कोश तयार झाला. आज त्यांत साडेतीन लाखांच्या वर संकल्पना आहेत, आणि कोणती कोणत्या जातींत मोडते याचें जाळें विणलेलें आहे. प्रत्येक संकल्पनेला जो क्रमांक दिला आहे त्यांतून मुद्दामच कांहीं अर्थ सूचित होत नाहीं. मधुमेहाचा क्रमांक ७३२११००९. उद्यां मधुमेहाविषयींचें आपलें ज्ञान पालटलें तरी क्रमांक पालटावयास नको. फार आणि देस्पीन यांचें भांडण असें मिटलें: एकच रोग स्थानावरूनहि शोधतां येतो आणि स्वभावावरूनहि.

तथापि पॅरिसच्या परिषदेची पुनरावृत्ति व्हावयाची ती झालीच. एचएल-सेव्हन संस्थेनें तिसऱ्या आवृत्तींत सर्व वैद्यक एका तात्त्विक आराखड्यांत बसविण्याचा घाट घातला. वर्षानुवर्षें विद्वान् खपले. कागदावर इमारत भव्य दिसली, त्यांतून निघालेला दस्तऐवजाचा एक नमुना रूढहि झाला, पण एकंदरींत तींत राहणें कोणास परवडेना. २०११ सालीं ग्रॅहॅम ग्रीव्ह या ऑस्ट्रेलियांतील गृहस्थानें बर्तियोंची वाट धरली, मग ती त्याला ठाऊक असो वा नसो. रोगी, औषध, तपासणी, निदान अशीं लहान लहान घटकपत्रें ठरवावीं. जें बहुतेकांना लागतें तेवढेंच त्यांत घालावें. उरलेल्यांसाठीं पुरवणी जोडण्याची सोय ठेवावी. आणि हें सर्व कोणासहि फुकट वापरतां यावें. या नमुन्याला 'फायर' म्हणतात, आणि अनेक देशांनीं आज तोच पायाभूत मानला आहे.

त्या देशांत आपलाहि देश आहे. भारत सरकारनें वैद्यकीय नोंदींविषयींचे मानदंड २०१३ सालीं प्रसिद्ध केले आणि २०१६ सालीं ते सुधारले. त्यांच्या प्रसारासाठीं स्थापिलेलें राष्ट्रीय केंद्र पुण्यांत, सी-डॅक संस्थेंत आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजीं देशभर सुरू झालेल्या योजनेंत प्रत्येकाला १४ आंकडी आरोग्य-क्रमांक घेतां येतो. नोंदी जेथें झाल्या तेथेंच राहाव्या आणि रोग्याच्या संमतीनें मागणाराकडे जाव्या, असें तिचें सूत्र आहे. प्लमरचें बासन आतां छताबाहेर निघालें, असें म्हणतां येईल. त्याची गरज कोणास आहे? बीड जिल्ह्यांतून दरसाल ऊसतोडीसाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें परमुलखांत जातात. त्यांतील एखाद्या बाईला कारखान्याजवळच्या दवाखान्यांत कळा सुरू झाल्या, तर मागलें बाळंतपण पोट फाडून झालें होतें हें एक वाक्य तेथील डॉक्टरापुढें असणें वा नसणें, यावर दोन जीव अवलंबून असतात. तें वाक्य बीडच्या केसपेपरवर असून भागत नाहीं. तें परक्या दवाखान्यांत त्याच अर्थानें उघडलें पाहिजे.

आपल्या देशापुढें आणखी एक प्रश्न आहे, जो लंडनपुढें नव्हता. रोगांचीं नांवें लावण्याची आपली स्वतःची परंपरा आहे. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकरानें केवळ निदानावर जो ग्रंथ रचला आणि जो 'माधवनिदान' म्हणून प्रसिद्ध आहे, तो अशाच व्यवस्थेचा प्रयत्न होता. तेथील ज्वर आणि डॉक्टरी तापाचें नांव यांची अदलाबदल करतां येत नाहीं, कारण दोहोंमागील शरीराची कल्पनाच वेगळी. जागतिक यादींत आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या संज्ञांचा स्वतंत्र भाग २०२४ च्या जानेवारींत दाखल झाला, तो हाच भेद ओळखून. एका शब्दाखालीं दोन अर्थ दडपण्यापेक्षां दोन शब्द शेजारीं मांडणें बरें. यानें कोणत्या चिकित्सेचा गुण किती, हा वाद मिटत नाहीं. पण तो वाद ज्यावर करावयाचा ती नोंद तरी स्वच्छ राहते.

दोन इशारे देणें अवश्य आहे. क्रमांकांत बसतें तेवढेंच लिहावयाचें अशी संवय जडली, तर रोग्याची कथा हरवेल. म्हणून क्रमांकाशेजारीं डॉक्टराचे स्वतःचे शब्द राहिलेच पाहिजेत. दुसरें असें कीं, जी नोंद सर्वांस वाचतां येते ती नको त्यासहि वाचतां येते. ग्रांटच्या काळीं अब्रूच्या भीतीनें लोकांनीं म्हातारीला लांच देऊन नांव बदलून घेतलें. उद्यां आपली नोंद विमेकऱ्याच्या किंवा मालकाच्या हातीं पडेल अशी धास्ती लोकांस वाटली, तर तेहि खरें दुखणें सांगणार नाहींत, आणि साऱ्या कोशांचे क्रमांक खोट्या कारणांवर चिकटविलेले राहतील.

अशा रीतीनें साडेतीनशेंहून अधिक वर्षांनंतरहि आपण ग्रांटच्याच प्रश्नापाशीं उभे आहों. तारा झाल्या, नमुने झाले, कोश झाले. आतां उरलें आहे तें काम दवाखान्यांतील त्या माणसाचें, ज्याच्यापुढें रांग उभी आहे आणि ज्याला पेनिसिलिनचा रकाना रिकामा न सोडतां तो प्रश्न रोग्याला विचारावयाचा आहे. नाइटिंगेलचे तक्ते कां कोमेजले हें आठवून, त्याच्या कष्टाचा मोबदला त्यालाहि आजच कसा मिळेल, हें ज्यांनीं योजना आंखल्या त्यांनीं पाहिलें पाहिजे.